पाचशे यार्ड

सोमवार, २ डिसेंबर २०१३. हवाई बेटांपैकी माउई. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर मकेना, आणि समोर सुमारे अडीच मैलांवर मोलोकिनी: बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडाचा चंद्रकोरीसारखा उरलेला काठ. या दोन्हींच्या मधल्या पाण्यात कायाकमधून मासे धरणारे ५७ वर्षांचे एक गृहस्थ त्या सकाळी शार्कच्या चाव्याने गेले.

हवाईचं घड्याळ आपल्या साडेपंधरा तास मागे चालतं. खालच्या वेळा तिथल्या आहेत. काही ठिकाणी आपल्या गावाची, चोपड्याची, वेळही दिली आहे. त्या क्षणी आपल्या गावात काय चाललं होतं हे आठवलं, की इतक्या लांबची घटनाही जवळ येते.

२०१२, वर्षअखेर

हवाईच्या पाण्यात माणसाला शार्क चावण्याच्या घटना एरवी वर्षाला तीन-चार होत. २०१२ मध्ये त्या दहाच्या घरात गेल्या. मृत्यू एकही नव्हता. एप्रिल २००४ नंतर तिथे शार्कमुळे कुणी दगावलेलं नव्हतं, आणि नऊ वर्षं हा फार मोठा काळ असतो. तेवढ्या काळात भीती जुनी होते आणि पोहायला शिकलेली मुलं मोठी होऊन स्वतःची कायाक विकत घेतात.

बुधवार, ३१ जुलै २०१३

वाइलेआच्या उलुआ किनाऱ्याजवळ पाण्याखालचं प्रवाळ बघत पोहणाऱ्या एका महिलेला शार्कने चावा घेतला. ती वाचली.

बुधवार, १४ ऑगस्ट

तिथून जवळच, पालाउएआ किनाऱ्याजवळ, जर्मनीहून सुटीवर आलेल्या वीस वर्षांच्या मुलीचा हात शार्कने तोडला. ती आठवडाभर रुग्णालयात होती. बुधवारी, २१ ऑगस्टला, ती गेली. नऊ वर्षांतला हा पहिला मृत्यू.

मंगळवार, २० ऑगस्ट

ती मुलगी रुग्णालयात असतानाच राज्याच्या जमीन व नैसर्गिक संसाधन खात्याचे प्रमुख विल्यम आइला यांनी माउईभोवतीच्या टायगर शार्कच्या हालचालींचा दोन वर्षांचा अभ्यास जाहीर केला. काम हवाई विद्यापीठातल्या कार्ल मायर यांच्या गटाकडे गेलं. शार्क पकडायच्या, त्यांच्या अंगावर संदेश पाठवणारी यंत्रं बसवायची, सोडून द्यायच्या, आणि त्या कुठे जातात ते बघायचं.

निर्णय योग्य होता. पण उत्तर मिळायला दोन वर्षांहून जास्त काळ लागणार होता, आणि मकेनाच्या त्या सकाळपर्यंत उरले होते १०४ दिवस.

सप्टेंबर ते नोव्हेंबर

हवाईचे जुने लोक सांगत आले आहेत, की विलीविलीच्या झाडाला फुलं आली की शार्क चावते. त्याच वर्षी ‘इकॉलॉजी’ या शास्त्रीय नियतकालिकात मायर आणि यानिस पापास्टामाटिऊ यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. वायव्येकडच्या निर्जन प्रवाळबेटांवरच्या मोठ्या टायगर शार्क माद्यांपैकी साधारण चौथा हिस्सा उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदाच्या सुरुवातीला मुख्य बेटांकडे येतो, बहुधा पिल्लं घालायला, असं त्यात दिसलं होतं. फुलांचा हंगाम आणि माद्यांचा हंगाम जवळपास एकच निघाला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. किनाऱ्यावरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या डोळ्यांनी ठेवलेली नोंद यंत्रांनी खरी ठरवली.

म्हणजे इशारा दोन्हीकडून आलेला होता.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सुटीचा दुसरा दिवस. किनारे भरलेले. किहेईच्या केआवाकापू किनाऱ्याजवळ पोहणाऱ्या एका महिलेच्या पायाला शार्कने चावा घेतला. जखमा झाल्या, जीव वाचला.

किनाऱ्यावर ‘शार्क दिसली आहे, पाण्यात उतरू नका’ असे फलक लागले. नियम असा, की घटनेच्या जागेपासून दोन्ही बाजूंना एकेक मैल किनारा बंद ठेवायचा, आणि पुन्हा शार्क दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तो खुला करायचा.

शनिवार, ३० नोव्हेंबर, दुपारी १२:००

नियमाची मुदत संपली. मकेना तिथून काही मैल दक्षिणेला आहे, म्हणजे मैलाच्या हद्दीत ते आधीही नव्हतं.

या नियमाला दोष देणं सोपं आहे. कुठल्याही सरकारला किनारा कायमचा बंद ठेवता येत नाही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण ती रेघ माणसांच्या सोयीची होती. शार्क एका रात्रीत एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे जाऊ शकते आणि परतही येते. शिवाय फलक वाळूत रोवलेले असतात, पोहणाऱ्यांसाठी. कायाक पाण्यात ढकलणारा माणूस फलक वाचतो आणि पुढे जातो. त्याला वाटतं, मी पाण्यात कुठे आहे? मी तर पाण्यावर आहे.

पुढचा चावा ४६ तासांवर होता.

रविवार, १ डिसेंबर

या दिवशी सांगण्यासारखं काही घडलं नाही. म्हणून कायाकमधली मासेमारी म्हणजे काय ते इथेच सांगतो, कारण ते कळल्याशिवाय सोमवारची सकाळ कळणार नाही.

मासेमारीची कायाक म्हणजे बारा-चौदा फूट लांब, जेमतेम पाऊण मीटर रुंद, प्लास्टिकची बंद होडी. माणूस तिच्या आत बसत नाही, वर बसतो. बैठक पाण्याच्या पातळीपासून वीतभर उंच. इंजिन नाही, काठ नाही, टप नाही. मागे एक पेटी, बाजूला गळाच्या काठ्या रोवायला भोकं, मांडीवर वल्हं.

अशा होडीतून लोक अही धरतात, म्हणजे पिवळ्या परांचा कुपा. ओनो धरतात, आपल्या सुरमईच्या जातकुळीतला पण लांबीला आणि वेगाला तिच्यापेक्षा जास्त. उलुआ नावाचा मासाही धरतात. पन्नास किलोचा कुपा गळाला लागला की तो कायाकसकट माणसाला ओढत नेतो, कधी मैल-मैल. मोठ्या बोटीवर मासा बोटीशी झुंजतो. इथे तो थेट माणसाशी झुंजतो, कारण होडीचं आणि माणसाचं मिळून जेवढं वजन, तेवढाच त्याला ब्रेक. तो दमेपर्यंत तुम्ही दिशा ठरवू शकत नाही. ज्यांनी हे केलं आहे त्यांना दुसऱ्या कुठल्याही मासेमारीत मग तेवढी मजा येत नाही, आणि ते मला पटतं. हाताच्या अंतरावर एवढा मोठा जिवंत जोर अनुभवायला मिळण्याच्या जागा जगात थोड्याच उरल्या आहेत.

पण मोठा मासा एकदम मिळत नाही. त्याआधी त्याचं खाद्य धरावं लागतं. हवाईत ते म्हणजे ओपेलू किंवा आकुले, बांगड्याएवढे, थव्याने फिरणारे मासे. सकाळी आधी बारीक गळांना खोटी आमिषं लावून हे धरायचे, जिवंत ठेवायचे, मग त्यांतलाच एक मोठ्या गळाला अडकवून हळूहळू वल्हवत राहायचं. सगळ्या शिकारीतला हा पहिला, शांत, कंटाळवाणा टप्पा. त्यात धोका आहे असं कुणाच्या मनात येत नाही.

आणि पाय. वर बसायच्या कायाकमध्ये पाय पुढे लांब करून बसावं लागतं. तासाभराने कंबर भरते, गुडघे आखडतात. मागच्या पेटीतून काही काढायचं असेल, गळ गुंतला असेल, लाट आडवी आली असेल, की माणूस घोड्यावर बसल्यासारखे दोन्ही पाय दोन्हीकडे सोडतो. तोल सावरतो, बरं वाटतं. कायाकवाले हे दिवसातून पन्नासदा करतात.

आपल्याकडेही हे आहे. धरणांच्या पाण्यात थर्माकोलच्या ठोकळ्यावर किंवा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे असेच पाय पाण्यात सोडून बसतात. त्या पाण्यात बुडण्याचा धोका असतो, चावणारं सहसा काही नसतं. खाडीत मात्र असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे धरायला उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. तो वाचला. खाडीत आत इतक्या दूर शार्क येईल असं तिथे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

सोमवार, २ डिसेंबर, पहाट

रात्र अमावास्येची, म्हणजे समुद्राला उधाणाचे दिवस. भरती-ओहोटीतलं अंतर मोठं, बेटांमधल्या वाटांतून पाण्याची ओढही जास्त. छोटे मासे अशा ओढीच्या कडेला गोळा होतात. मोठे मासे छोट्यांमागे येतात.

सकाळी ६:४५ च्या सुमारास

सूर्योदय. चोपड्यात रात्रीचे सव्वादहा. आपल्याकडे जेवणं उरकली होती. केळीच्या बागांत रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरणारे तेवढे जागे.

मकेनाच्या बाजूला कायाकवाले सकाळीच निघतात, त्याला कारण आहे. दहा-अकरानंतर व्यापारी वारे जोर धरतात, पाणी खवळतं आणि किनाऱ्याकडे परत वल्हवणं जड जातं. म्हणजे दिवसाचे चांगले तास मोजून तीन किंवा चार. शार्क पहाटे आणि संध्याकाळी जास्त फिरतात, तेव्हा पाण्यात उतरू नका, असं सरकारी सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. पण वाऱ्यासाठी लवकर निघावं लागतं आणि शार्कसाठी उशिरा. दोन्ही सल्ले एकाच वेळी पाळता येत नाहीत. बहुतेक जण वाऱ्याचा पाळतात, कारण वारा रोज भेटतो.

सकाळी ७:००

मोलोकिनीला पर्यटक नेणाऱ्या बोटी साधारण याच वेळी माआलाएआच्या बंदरातून आणि किहेईच्या धक्क्यावरून सुटतात. १९७७ पासून मोलोकिनी हे राखीव सागरी क्षेत्र आहे. आतलं पाणी काचेसारखं स्वच्छ. शेकडो माणसं रोज तिथे तोंडात नळी धरून तरंगतात. या बोटींचा पुढे संबंध येणार आहे.

सकाळी ८:०० ते १०:००

दोन कायाक पाण्यात होत्या. एकीत ते गृहस्थ, दुसरीत त्यांचा मित्र. ते खोटी आमिषं लावून छोटे मासे धरत होते. मघाशी सांगितलेला पहिला टप्पा.

गळाला लागलेला छोटा मासा धडपडतो. त्या धडपडीची कंपनं पाण्यातून दूरवर जातात. शार्कच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनारेषा असते, ती असली मंद कंपनं टिपते. थव्यातून एक मासा वेगळा पडलाय, जखमी आहे, एवढं तिला दिसण्याआधीच कळतं. जवळ आल्यावर मुस्कटावरची बारीक छिद्रं जिवंत स्नायूंची क्षीण वीज ओळखतात. यात राग नाही, सूड नाही. मासे धरणाऱ्याने पाण्यात जी हाक दिली तिला आलेलं हे उत्तर असतं. फक्त हाक कुप्यासाठी होती.

या दोन तासांत दोन साध्या गोष्टी झाल्या. एक, दोन्ही कायाक एकमेकींपासून लांब सरकल्या. यात वावगं काही नाही. थवा कुठे आहे ते शोधायला मासे धरणारे पांगतात, दोघांच्या दोऱ्या गुंतू नयेत म्हणूनही पांगतात. अंतर पडलं पाचशे यार्डांचं, म्हणजे साधारण ४५७ मीटर. एवढ्या अंतरावरून मित्र दिसतो. हात हलवला तर कळतं. सोबत आहे असं वाटायला तेवढं पुरतं.

दुसरी, त्या गृहस्थांनी पाय पाण्यात सोडले.

सकाळी १०:२० च्या सुमारास

चोपड्यात मध्यरात्र उलटून एक पन्नास.

शार्कने लटकता पाय धरला.

त्यानंतरची मिनिटं

इथून पुढे नुसतं गणित आहे.

प्रौढ माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं दोन लिटर गेलं की जीव धोक्यात येतो. पायाची मोठी धमनी तुटली तर एवढं रक्त जायला काही मिनिटं लागतात, कधी तीन, कधी पाच. जखमेच्या वर पट्टा करकचून आवळला तर ते थांबवता येतं. पण तो पहिल्या दोन-तीन मिनिटांत आवळला गेला पाहिजे. उधाणाच्या पाण्यात, पाऊण मीटर रुंद होडीत बसून, स्वतःच्या पायाला, एकट्याने ते करणं जवळपास अशक्य आहे.

सामान भरलेली कायाक चांगला वल्हवणारा माणूस ताशी सहा किलोमीटर वेगाने नेतो. म्हणजे मिनिटाला शंभर मीटर. ४५७ मीटरला साडेचार मिनिटं. त्यात हाक ऐकू येणं, काय झालं ते कळणं, गळ सोडून देणं, कायाक वळवणं धरलेलं नाही.

मित्र पोचला. त्याने जखमेच्या वर पट्टा आवळला. मग मदतीसाठी जवळच्या पर्यटक बोटीला खुणा करून बोलावलं. सकाळी मोलोकिनीकडे निघालेल्या बोटींपैकी ती एक. त्याने करता येण्यासारखं सगळं केलं, हे मला ठासून सांगायचं आहे, कारण अशा घटनांनंतर वाचलेल्या माणसाकडे लोक नको त्या नजरेने बघतात. पाचशे यार्ड त्याने ठरवून ठेवलेले नव्हते. दोघांच्या दोऱ्यांनी, वाऱ्याने आणि माशांच्या थव्याने ते ठरवले होते.

बोटीने दोघांना घेतलं आणि उत्तरेला, किहेईच्या धक्क्याकडे नेलं. रुग्णवाहिका धक्क्यावर आली. रुग्णालयात त्यांना मृत घोषित केलं गेलं.

त्याच दिवशी, दुपार

मकेनाच्या किनाऱ्यांवर फलक लागले. दोन्हीकडे मैलभर, दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत. तोच नियम.

२०१३ मधली हवाईतली ही तेरावी घटना, त्यांतली आठवी माउईची. नऊ वर्षांत एकही मृत्यू नव्हता, त्यानंतर साडेतीन महिन्यांत दोन. एवढ्या घटना का वाढल्या, विशेषतः माउईलाच का, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही, त्यासाठीच अभ्यास सुरू आहे, असं आइला यांनी सांगितलं.

दुपारी २:२२

चोपड्यात ३ डिसेंबरची पहाट, पाच बावन्न. कार्तिकातली अमावास्या याच मिनिटाला संपली.

मंगळवार, ३ डिसेंबर, दुपारी १२:००

फलक काढायची वेळ.

२०१६

अभ्यासाचा अहवाल आला. माउई, मोलोकाई, लानाई आणि काहोओलावे या चार बेटांना जोडणारा समुद्राचा उथळ तळ, सहाशे फुटांपर्यंतचा, फार मोठा आहे, आणि टायगर शार्कला नेमकं असंच पाणी आवडतं. माउईला त्या जास्त असण्याचं कारण तळाच्या या आकारात होतं. यंत्रं लावलेल्या शार्क लोकप्रिय किनाऱ्यांच्या जवळून नेहमी ये-जा करत होत्या, आणि बहुतेक वेळा पोहणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. चावे मात्र क्वचित.

शार्क मारण्याची मोहीम काढा, असं अहवालाने म्हटलं नाही. हवाईने ती करून पाहिली होती. १९५९ ते १९७६ या काळात ४,६६८ शार्क मारल्या गेल्या, त्यांत टायगर शार्क ५५४. चाव्यांच्या संख्येत मोजता येईल असा फरक पडला नाही. लोकांना माहिती देत राहा, एवढीच शिफारस होती.

ती माहिती सरकारी पत्रकांत आधीपासूनच होती: सोबत जा, एकत्र राहा, पकडलेले मासे आणि रक्त पाण्याजवळ ठेवू नका. ‘एकत्र’ म्हणजे किती अंतर, याचा आकडा त्यात नव्हता. कायाकमधून गळ टाकणाऱ्याने तो स्वतः काढावा. पट्टा आवळायला तीन मिनिटं हातात धरली, त्यातलं एक मिनिट हाक ऐकण्यात आणि वळण्यात गेलं, तर उरलेल्या दोन मिनिटांत दोनशे मीटर होतात. पट्टाही हाताला लागेल असा, अंगावरच बांधलेला हवा, मागच्या पेटीत नको, कारण पेटीपर्यंत पोचायला पाय बाहेर सोडावे लागतात.